नवीन सायकलचे मागचे गिअर नीट पडत नाहीत, दुकानात तीन फेऱ्या झाल्या, आता काय करू?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, शाळेत शिकवते. सव्वा महिन्यापूर्वी नवीन हायब्रिड सायकल घेतली, पुढे 3 मागे 7 अशी 21 गिअरवाली. शाळा घरापासून 6 किमी, म्हणजे रोजचे येऊन जाऊन 12, आणि रविवारी शिवाजी पुलावरून रत्नागिरी रस्त्याने केर्लीपर्यंत जाऊन यायचं. असं करत करत पावसाळ्याआधी एकदा तरी पन्हाळा सायकलवर चढायचा हे मनात धरलंय. लहानपणी वडिलांच्या काळ्या सायकलवर हाफ पायडल मारत शिकले, त्यानंतर थेट आता, त्यामुळे गिअर हा प्रकार मला पूर्ण नवीन आहे.

पहिले दहा-बारा दिवस सायकल लोण्यासारखी चालली. मग मागचे मधले गिअर त्रास द्यायला लागले. 6 वरून 5 ला टाकलं की क्लिक होतं पण चेन जागची हलत नाही, नुसती खर्रर्र आवाज करत राहते, आणि तीन-चार पायडल मारल्यावर अचानक धप्पकन चढते. 5 वरून 4 ला पण तेच. 4 वर असताना मधेच आपोआप घसरते, पाय रिकामा जातो, एकदा गुडघा हँडलवर आपटला.

दुकानात गेले, तिथल्या मुलाने मागचं चाक उचलून पायडल फिरवलं, स्क्रू ड्रायव्हरने काहीतरी पिळलं, झालं ताई म्हणाला. शिवाजी पूल यायच्या आत परत तेच. दुसऱ्यांदा गेले तरी तेच. तिसऱ्यांदा त्याने बराच वेळ घेतला आणि दोन दिवस बरं चाललं, पण परवा वाघबीळच्या अलीकडच्या चढावर 1 नंबरला टाकलं तर चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे, चाकाच्या तारांच्या बाजूला पडली. चाक जागेवर जाम. मागून ट्रक येत होता. मी पडले नाही पण हातपाय लटपटत होते. तारांच्या अलीकडे जी प्लॅस्टिकची पारदर्शक ताटली असते ना, तिच्यावर चेनने खोल ओरखडे काढलेत.

दुकानदार म्हणतात नवीन सायकल आहे, हळूहळू बसेल. खरंच बसते का? आणि यातलं काही मी घरी करू शकते का? स्क्रू ड्रायव्हर आणि एलन की चा सेट आहे घरात, आणि शिकायची तयारी आहे. मागचे गिअर शिमानो कंपनीचे साधे, टुर्नी मॉडेलचे आहेत.

घाटचढ

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो, बाकी नंतर. उद्या शाळेत जाताना 1 आणि 2 नंबर अजिबात टाकू नका, 3 ते 7 मधेच चालवा. चेन तारांच्या बाजूला पडली म्हणजे त्या मुलाने एल लिहिलेला स्क्रू सैल केलाय. तुमचं नशीब की ती ताटली होती, ताटली नसती तर चेन तारांत घुसली असती, आणि डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तारांत अडकला की डिरेलर, तो ज्यावर लटकतो तो हँगर, चाक सगळंच जातं. लोक ती ताटली दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकतात, तुम्ही काढू नका.

आता हे स्क्रू काय असतात ते समजून घ्या म्हणजे परत कुणी उगाच पिळणार नाही. मागच्या डिरेलरवर शेजारी शेजारी दोन छोटे स्क्रू असतात, एच आणि एल. हे गिअर बसवायचे स्क्रू नाहीतच. ही दोन कुंपणं आहेत. एच म्हणजे सगळ्यात छोट्या चकतीच्या बाहेर चेन जाऊ नये म्हणून, एल म्हणजे सगळ्यात मोठ्या चकतीच्या आत जाऊ नये म्हणून. मधल्या 2 ते 6 गिअरशी यांचा काडीचा संबंध नाही. तुमचा त्रास 6-5-4 मधे होता, म्हणजे हे स्क्रू हलवायचं काही कारणच नव्हतं. मला याची खरंच चीड येते, कारण मधला गिअर पडत नाही म्हणून कुंपण मोकळं करायचं हा उद्योग मी पुण्यात पण खूप ठिकाणी बघितलाय, आणि त्यातूनच चेन तारांत जाते.

एल असा बघा. सायकल कुणालातरी मागून उचलून धरायला सांगा, हळू पायडल फिरवत 1 नंबरला न्या. चेन मोठ्या चकतीवर गेली की डिरेलर हाताने आत, तारांकडे ढकलून बघा. तो तिथून पुढे सरकायला नको. सरकत असेल तर एल स्क्रू घड्याळाच्या दिशेने पाव पाव आटा आवळत जा, प्रत्येक वेळी परत ढकलून बघा. जास्त आवळला तर 1 नंबर पडणारच नाही, मग पाव आटा मागे. एवढंच.

आता मूळ दुखणं. क्लिक झालं पण चेन मोठ्या चकतीकडे चढायला उशीर करते याचा अर्थ केबल सैल आहे. त्यासाठी केबल डिरेलरमधे जिथे शिरते तिथे बोटाने फिरवायची एक गोल दातेरी चकरी असते, बॅरल अॅडजस्टर. सायकलच्या मागे उभं राहून ती घड्याळाच्या उलट फिरवली की केबल ताणली जाते आणि चेन आतल्या मोठ्या चकत्यांकडे सरकते. पुढे मधली चेनरिंग (पायडलजवळची चकती), मागे 6 नंबर, पायडल फिरवत ठेवा आणि अॅडजस्टर थोडा थोडा उलटा फिरवत जा, चेन 5 नंबरच्या चकतीला घासायला लागून बारीक आवाज आला की थांबा, आणि आवाज जाईपर्यंत परत सुलटा आणा. मग सगळे गिअर वर-खाली करून बघा. नवीन सायकलला 100-200 किमीच्या आसपास हे एकदा करावंच लागतं कारण आउटर, म्हणजे केबलवरच्या नळ्या, आपापल्या जागी दाबून बसतात आणि केबल सैल पडते. तेव्हा दुकानदार म्हणतात ते अर्धं बरोबर आहे, बसते म्हणजे आउटर बसतं, गिअर आपोआप बसत नाही, तो बसवावा लागतो.

सुसाट

माझ्या सायकलला पण असंच होत होतं, चेनवर भरपूर तेल मारलं आणि एकदम स्मूथ झाली. आधी ते करून बघा, स्क्रूच्या नादी कशाला लागायचं.

दोन चाकं

तेलाने आवाज कमी होईल, पण गिअर पडायचा राहत असेल तर तेल मारून पडणार नाही. आणि भरपूर तर मारूच नये, माती धरून त्याची काळी लापशी होते आणि चकत्या झिजतात. एकेका कडीवर एक थेंब, आणि वरचं सगळं फडक्याने पुसून काढायचं.

रंकाळाकाठ ताई, मी पण चाळिशीनंतर परत सायकल हातात घेतली म्हणून तुमच्यासाठी एक-दोन गोष्टी. पुढे मोठी चेनरिंग आणि मागे पण मोठी चकती, किंवा पुढे छोटी आणि मागे पण छोटी, असं चालवू नका. चेन तिरकी ओढली जाते आणि गिअर कितीही नीट लावलेला असला तरी खरखर येते. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, मी दोन महिने त्या आवाजासाठी दुकानाच्या फेऱ्या मारल्या. पुढे मोठी असेल तर मागे 4 ते 7, पुढे छोटी असेल तर 1 ते 4, आणि मधलीवर जवळजवळ सगळे चालतात.

दुसरं म्हणजे चढावर पूर्ण जोर लावून पायडल मारत असताना गिअर टाकू नका. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका टाकायचा. राहून गेलंच तर एक पायडल जोरात मारून थोडा वेग घ्या, मग अर्धी फेरी पाय हलका सोडा आणि त्या अर्ध्या फेरीत क्लिक करा. एकदा एकच गिअर. घाटात हे अंगवळणी पडायला मला पंधरा दिवस लागले पण त्यानंतर चेन उतरलेली नाही.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मुलाला सायकल उचलून धरायला लावली आणि दोघांनी मिळून केलं. एल खरंच सैल होता, हाताने ढकलल्यावर डिरेलर चांगला बोटभर आत जात होता. पाव पाव आटा करत पाच वेळा आवळला, आता जात नाही. एवढ्यानेच जिवात जीव आला.

अॅडजस्टरचं मात्र चमत्कारिक होतंय. तुम्ही सांगितलं तसं केल्यावर 7-6-5 एकदम छान पडायला लागले, टक टक टक. पण 3 आणि 2 वर खरखर. मग 3-2 चा आवाज जाईपर्यंत फिरवलं तर 6-5 बिघडले. असं चार वेळा इकडून तिकडे केलं, दोन्ही टोकं एकदम जुळतच नाहीत. आणि आज सकाळी शाळेत जाताना पहिले 2 किमी बरं होतं, शाळा येईपर्यंत परत 5 ला उशिरा चढायला लागली. मी काही चुकतेय का?

जुना पाना

ताई, तुम्ही काही चुकत नाहीये. उलट तुम्ही जे लिहिलंय त्यात दोन वेगवेगळे आजार दिसतायत आणि तुम्ही दोन्ही वेगळे करून सांगितलेत. माझ्या वडिलांचं मिरजेला सायकलचं दुकान होतं, मी तिथेच लहानाचा मोठा झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या दुकानात पहिल्यांदा गिअरची सायकल आली तेव्हा तिला क्लिकच नव्हतं. दांडीवर एक लिव्हर, ती अंदाजाने ओढायची, कानाने ऐकायचं, खरखर आली तर केसभर मागेपुढे करायची. तेव्हा हँगर थोडा वाकडा असला किंवा केबल थोडी सैल असली तरी चालवणाऱ्याचा हात ते सांभाळून घ्यायचा. शिमानोने 1984 मध्ये शर्यतीच्या सायकलींच्या ड्युरा-एस गिअरसेटवर क्लिकवाली इंडेक्स पद्धत आणली आणि पुढे ती साध्या सायकलींपर्यंत आली. आता अंदाज हाताचा नाही, हँडलवरच्या शिफ्टरच्या (गिअर बदलायच्या खटक्याच्या) आतल्या खाचांचा. तुमच्या 7 गिअरच्या चकत्यांमधलं अंतर साधारण 5 मिलिमीटर, आणि एका क्लिकला केबल सरकते त्याहून कमी, 3 मिलिमीटरच्या आतच. म्हणजे कुठे जरी एक मिलिमीटरची ढिलाई आली तरी एका गिअरचा तिसरा हिस्सा गेला. म्हणून या सायकलींत छोट्या गोष्टींना एवढं महत्त्व.

पहिला आजार, एक टोक जुळवलं की दुसरं बिघडतं. हा केबलचा नाही. डिरेलर फ्रेमला थेट नसतो, मधे एक अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा असतो, तो हँगर. तो मुद्दामच मऊ ठेवतात, म्हणजे सायकल उजव्या अंगावर पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. तो आत वाकला की डिरेलर तिरका लोंबतो आणि चकतीगणिक अंतर बदलतं. तुम्ही म्हणाल सायकल नवीन आहे, पडलीच नाही. पण ती खोक्यातून येते, आणि वाहतुकीत खोकं उजव्या बाजूवर आडवं पडलं, वर दुसरी खोकी रचली, की सगळा भार त्या हँगरवर. मी स्वतः न चालवलेल्या, खोक्यातून काढलेल्या सायकलींचे वाकलेले हँगर सरळ केलेत.

असं बघा. मागे 4 नंबर टाका, सायकलच्या मागे दोन पावलांवर उकिडव्या बसा, डोळा चकत्यांच्या उंचीला आणा. डिरेलरला दोन छोटी चाकं असतात, एक वर एक खाली. वरची, खालची आणि चेन ज्या चकतीवर आहे ती, तिन्ही एका ओळंब्यात दिसली पाहिजेत. खालचं चाक तारांकडे आत कललेलं दिसलं तर हँगर वाकलाय. घराच्या दाराची चौकट पाठीमागे धरलीत तर तिरकेपणा लगेच कळतो.

दुसरा आजार, लावलं की थोडा वेळ बरं आणि परत सैल. एकदा आउटर बसल्यावर असं रोज व्हायला नको. म्हणजे केबल कुठेतरी रोज थोडी थोडी खचतेय. डिरेलरपाशी जो आउटरचा शेवटचा वळसा असतो त्याचं टोक अॅडजस्टरमधून बाहेर ओढून बघा. त्याला धातूची किंवा प्लॅस्टिकची छोटी टोपी असायला हवी. आणि आउटरवर काय लिहिलंय ते वाचा. गिअरचं आउटर आणि ब्रेकचं आउटर वेगळं असतं. ब्रेकच्या आउटरमधे तार स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली असते, ती दाबली जाते, ब्रेकला ते चालतं. गिअरच्या आउटरमधे तारा सरळ उभ्या असतात, त्या दाबल्या जात नाहीत. पुष्कळ दुकानांत गिअरचं आउटर संपलं की ब्रेकचं कापून घालतात, आणि मग कितीही बॅरल फिरवा, गिअर काही थांबत नाही.

हे दोन्ही बघून सांगा. हँगर मात्र घरी हाताने वाकवायला जाऊ नका.

घाटचढ

जुना पाना काका, हँगरचं माझ्या डोक्यातच आलं नाही, नवीन सायकल म्हटल्यावर मी केबलच धरून बसलो. धन्यवाद. हँगर मापायचं हत्यार जवळपास नसेल तर काय करायचं?

जुना पाना

वडील एक युक्ती करायचे ती सांगतो. हँगरचे आटे 10 मिलिमीटरचे, बारीक पिचचे असतात, आणि बऱ्याच गिअरवाल्या सायकलींच्या मागच्या अॅक्सलचे (चाकाच्या आसाचे) आटे तेच असतात. डिरेलर काढायचा आणि त्याच्या जागी दुसरं एक मागचं चाक त्याच्या अॅक्सलने हँगरमधे बोटांनी पिळून बसवायचं. बोटांनी सहज गेलं नाही तर आटे वेगळे आहेत, तिथेच थांबायचं, पाना लावायचा नाही. बसलं की दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहतात. वर, खाली, पुढे, मागे चारही ठिकाणी रिमांमधलं अंतर मोजायचं. हँगर सरळ असेल तर अंतर सगळीकडे सारखं. चार मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर त्याच चाकाला धरून हळूच, एकाच दिशेने सरळ करायचा. पुढेमागे चारदा वाकवला तर मोडतो, अॅल्युमिनियम आहे. म्हणून ज्याने आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या.

रंकाळाकाठ

काका, तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी निघाल्या.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर अंगणात बसले. मागून बघितलं तर खालचं चाक तारांकडे कललेलं, दाराच्या चौकटीसमोर धरल्यावर तर स्वच्छ दिसलं, इतके दिवस रोज बघत होते पण कशाकडे बघायचं हेच माहीत नव्हतं. मग आउटरचं टोक ओढलं. आउटर गिअरचंच आहे, तसं त्यावर छापलंय, पण टोपी नव्हती. आतल्या बारीक तारा जुन्या खराट्यासारख्या पसरलेल्या, त्यातल्या दोन अॅडजस्टरच्या भोकात घुसून वाकलेल्या. म्हणजे मी रोज केबल ताणत होते आणि रोज ते आउटर केसभर आत खचत होतं. मुलगा दहावीला आहे, त्याला पण बघून इतकं पटलं की तो म्हणाला आता मला सगळी सायकल उघडून दाखव.

त्या दुकानात न जाता ओळखीतून एका जुन्या कारागिरांकडे गेले. त्यांच्याकडे हँगर मापायची लांब दांडी होती. वरच्या आणि खालच्या मापात बोटभर फरक होता. त्यांनी एकदाच, सावकाश, दोन्ही हातांनी दांडी बाहेर घेतली, परत मापलं, आणखी किंचित घेतली, झालं. आउटरचं पसरलेलं टोक कापून, फाईलने सपाट करून टोपी घातली. मग केबलचा बोल्ट सोडून ताणून परत आवळली, आणि एच-एल दोन्ही नव्याने लावले कारण हँगर सरळ झाल्यावर आधीचं माप बदलतं म्हणाले. अॅडजस्टर मात्र त्यांनी मला फिरवायला लावला. 6 वर ठेवून, आवाज येईपर्यंत उलटा, आवाज जाईपर्यंत सुलटा. माझ्या हाताने लागलेला पहिला गिअर.

तेव्हापासून 90 किमी झाले, 1 ते 7 वर-खाली कुठेही अडत नाही. मूळ दुकानात जाऊन मी सगळं शांतपणे सांगितलं, आउटरचा कापलेला तुकडा पण दाखवला, त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या गिऱ्हाइकाची चेन तरी तारांत जाऊ नये एवढंच माझं म्हणणं होतं.

काल वाघबीळपर्यंत जाऊन आले. ज्या चढावर चेन पडली होती तिथे अलीकडेच, सपाटीवरच, 2 टाकला आणि मग वर जाऊन 1. पडला.

एक विचारायचं राहिलं. पन्हाळ्याला जायच्या आधी काही बघून घ्यायला हवं का?

जुना पाना

छान केलंत ताई. जायच्या आदल्या दिवशी एवढं करा. नवीन टोपी थोडी बसेल, तेव्हा अॅडजस्टर लागला तर पाव फेरी उलटा. एल परत एकदा हाताने ढकलून बघा. आणि ब्रेक, कारण चढताना गिअर लागतात पण उतरताना तुमचा सगळा भार ब्रेकवर असतो. पॅड किती झिजलेत बघा, ब्रेकची केबल पण गिअरसारखीच सैल झालेली असते, ती ताणून घ्या.

दोन चाकं

आणि पहाटे निघा, रविवारी नऊनंतर त्या रस्त्याला गाड्यांची गर्दी असते. पुढची छोटी चेनरिंग वाघबीळलाच टाकून ठेवा, चढात पुढचा गिअर बदलायला जाऊ नका. वर पोचलात की फोटो टाका.